कागदाच्या घड्या आणि ऑयलरचे सूत्र

ओरिगामी म्हटले की एका कागदाचा पक्षी किंवा होडी आठवते. या कलेचा आणखी एक प्रकार आहे. त्यात एकसारखे अनेक घटक घडवून ते एकमेकांत अडकवतात. गोंद लागत नाही. यातला सोपा घटक जपानच्या मित्सुनोबु सोनोबे यांच्या नावाने ओळखला जातो.

तो असा करा. चौरस कागद मधोमध दुमडून उलगडा. समोरासमोरच्या दोन बाजू मधल्या रेषेवर आणून उलगडा. आता कर्णावरचे दोन समोरासमोरचे कोपरे नव्या रेषांपर्यंत छोट्या त्रिकोणांत दुमडा आणि बाजू पुन्हा मधल्या रेषेवर आणा. पट्टीवर दोन तिरप्या कडा दिसतील. त्यांच्याच रेषेत पट्टीची दोन्ही टोके दुमडून त्या घड्यांखाली सरकवा. समांतरभुज चौकोन मिळेल. तो उलटा करून प्रत्येक टोकदार कोपरा त्याच्या लांब बाजूच्या दुसऱ्या टोकावर आणून दुमडा. मधे चौरस, दोन्हीकडे त्रिकोणी जिभा आणि चौरसावर दोन कप्पे, असा घटक तयार होतो. सुरुवातीचे दोन कोपरे सर्व कागदांत त्याच बाजूंचे हवेत. नाहीतर आरशातली प्रतिमा तयार होते आणि ती इतरांत बसत नाही.

एकाची जीभ दुसऱ्याच्या कप्प्यात घालत तीन घटक जोडले की एक छोटा पिरॅमिड होतो. ६ घटकांचा घन, १२ आणि ३० घटकांचे टोकदार गोळे होतात. हेच आकडे का? प्रत्येक पिरॅमिडला तीन घटक लागतात आणि प्रत्येक घटक दोन पिरॅमिडांत वाटला जातो. म्हणून घटक = पिरॅमिड × ३ ÷ २. पिरॅमिडांचे पाये म्हणजे आत दडलेल्या घनाकृतीचे त्रिकोण, आणि प्रत्येक घटक म्हणजे तिची एक कड. चतुष्फलकाच्या कडा ६, अष्टफलकाच्या १२, विंशतिफलकाच्या ३०.

या आकृत्यांत एका बिंदूभोवती अनुक्रमे ३, ४ आणि ५ पिरॅमिड येतात. सहा आले तर? समभुज त्रिकोणाचे सहा कोन मिळून ३६० अंश होतात, म्हणजे तो भाग सपाटच राहतो. सगळीकडे सहा जोडत गेलात तर गोळा कधीच मिटणार नाही. विद्यार्थ्याचा गोळा अडला, तर आधी बिंदूभोवतीचे पिरॅमिड मोजायला सांगा.

पाच आणि सहा मिसळले तर मात्र गोळा मिटतो. समजा, पाचाचे बिंदू प आणि सहाचे स आहेत. प्रत्येक कडेला दोन टोके असतात, म्हणून ५प + ६स = कडांची दुप्पट. त्रिकोण कडांच्या दोन-तृतीयांश असतात. हे ऑयलरच्या ‘शिरोबिंदू + पृष्ठे = कडा + २’ या सूत्रात घाला; स गळून पडतो आणि प = १२ उरतो. गोळा केवढाही करा, पाचाच्या जागा बाराच!

९० घटकांच्या गोळ्यात पाचाच्या १२ आणि सहाच्या २० जागा असतात. १९८५ मध्ये सापडलेल्या कार्बनच्या सी-६० रेणूची रचना हीच आहे. गोळ्यातला प्रत्येक पिरॅमिड म्हणजे एक अणू आणि प्रत्येक घटक म्हणजे दोन अणूंमधला बंध. या शोधाबद्दल कर्ल, क्रोटो आणि स्मॉली यांना १९९६ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

वर्गात गट करून ३० घटकांचा गोळा करा. मग विचारा : ७ घटकांची बंद आकृती होईल का? उत्तर घड्या न घालताही सापडेल.