लाचखोरीची तक्रार नेमकी कुणाच्या दारात जाते? हाँगकाँग आणि आपली तीन राज्यं

उताऱ्यावर नाव चढवायचं असो की दाखल्यातली चूक दुरुस्त करायची असो, ‘चहापाण्याचं काय?’ हा प्रश्न बेळगाव, कोल्हापूर आणि पणजीत सारखाच समजतो. त्याविरुद्ध तक्रार केली तर पुढे काय होतं, हे मात्र तिन्ही ठिकाणी वेगळं आहे. ‘आपली माणसंच तशी’ म्हणून विषय सोडून देणाऱ्यांनी हाँगकाँगचं उदाहरण पाहावं.

तिथेही ‘चहाचे पैसे’च

साठच्या दशकात हाँगकाँगमध्ये लाचेला चक्क ‘चहाचे पैसे’ म्हणत. आग लागली तरी पाण्याचा पाइप सुरू करायला पैसे, रुग्णाला पाण्याचा पेला द्यायला पैसे. लाचखोरीचा तपास करणारी शाखा पोलीस खात्यातच होती आणि सर्वात बरबटलेलं खातं तेच होतं. म्हणजे कुंपणच शेत खात होतं.

१९७३ मध्ये पीटर गॉडबर या बड्या पोलीस अधिकाऱ्याकडे ४० लाख हाँगकाँग डॉलरहून अधिक बेहिशोबी माया सापडली. चौकशी सुरू असतानाच तो विमानाने ब्रिटनला पळाला. लोक रस्त्यावर उतरले. फेब्रुवारी १९७४ मध्ये पोलिसांपासून पूर्ण वेगळा, थेट गव्हर्नरला जबाबदार असा आयोग स्थापन झाला. गॉडबरला परत आणून चार वर्षांची शिक्षा झाली.

वाट सोपी नव्हती. १९७७ मध्ये पोलिसांनीच आयोगाच्या कार्यालयात घुसून मारहाण केली आणि सरकारला बऱ्याच जुन्या प्रकरणांना माफी द्यावी लागली. तरी आयोग टिकला. ट्रान्सपरन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या निर्देशांकात हाँगकाँगला १०० पैकी ७४ गुण आहेत, भारताला ३८. हा निर्देशांक लाच मोजत नाही, तज्ज्ञ आणि उद्योजकांचं मत मोजतो, हेही लक्षात ठेवायला हवं.

आपल्याकडे काय?

कर्नाटक: इथल्या लोकायुक्तांकडे स्वतःची पोलीस शाखा आहे. खाणघोटाळ्यावरील लोकायुक्त संतोष हेगडे यांच्या अहवालानंतर जुलै २०११ मध्ये मुख्यमंत्री येडियुराप्पांना पायउतार व्हावं लागलं. पुढे २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. त्याच वर्षी सरकारने आपल्या अखत्यारीत वेगळा एसीबी काढून लोकायुक्तांचे तपासाचे अधिकार काढून घेतले. ऑगस्ट २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने हा एसीबी रद्द केला आणि अधिकार पुन्हा लोकायुक्त पोलिसांकडे आले.

महाराष्ट्र: देशात सर्वात आधी, १९७२ मध्ये, लोकायुक्त नेमला तो महाराष्ट्राने. पण १९७१ च्या कायद्याने त्याला दिलेलं काम शिफारशीपुरतं. सापळा रचून लाच घेताना पकडण्याचं काम लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचं, आणि तो गृह खात्याखाली येतो.

गोवा: इथला कायदा २०११ चा. पण लोकायुक्तांचे अहवाल कारवाईसाठी सरकारकडेच जातात. २०२० मध्ये निवृत्त होताना न्या. प्रफुल्लकुमार मिश्रा यांनी आपल्या २१ अहवालांपैकी एकावरही कारवाई झाली नसल्याचं सांगितलं होतं.

फरक कुठे पडतो?

लाच घेणं तिन्ही राज्यांत गुन्हाच आहे, केंद्राचा कायदाही एकच. फरक पडतो तो दोन गोष्टींनी: तपास करणाऱ्याची बदली आणि बढती कुणाच्या हातात आहे, आणि अहवाल आल्यावर तो दडपता येतो का. रंगेहाथ सापडलेल्याला लगेच अटक होते. पण अधिकाऱ्याने घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर २०१८ मध्ये आलेल्या कलम १७अ नुसार सरकारची पूर्वपरवानगी लागते. म्हणूनच कारकून सापळ्यात सापडतो आणि वरची फाइल तशीच पडून राहते.

लाच मागितली गेली तर पैसे देण्याआधीच तक्रार करावी, कारण सापळा त्याशिवाय लागत नाही. कर्नाटकात त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी लोकायुक्त पोलीस आहेत, तर महाराष्ट्रात १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे.