पाचटाचा कोळसा, चुलीतून मातीत

साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात धूर दोन ठिकाणी दिसतो. एक धुराड्यातून, दुसरा तोडणी झालेल्या फडातून. टोळी पुढच्या रानात सरकते आणि मागे हेक्टरी ८ ते १० टन पाचट उरतं. त्यावरचा जुना उपाय म्हणजे काडेपेटी. रान लवकर मोकळं होतं, खोडव्याला पाणी देता येतं, उंदीरही पळतात. पाचटातला नत्र आणि कर्ब मात्र हवेत जातो.

या काडेपेटीला पर्याय शोधण्याची बरीच खटपट फलटणमध्ये झाली. बी. व्ही. निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात पाचट व चिपाडावर चालणारा गॅसिफायर बसवला. हवी होती उष्णता. तिच्याबरोबर कोळशाचा चुराही पडू लागला, इंधनाच्या वजनाच्या साधारण २४ टक्के. त्याच्या कांड्या करून जाळता येतील, एवढाच विचार तेव्हा झाला.

याच संस्थेत पूर्वी करडईवर काम केलेले वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी १९९६ मध्ये ‘आरती’ म्हणजे अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट ही संस्था उभी केली. तिच्या पाचट-भट्टीच्या कामात डॉ. प्रियदर्शिनी कर्वे यांचा मोठा वाटा होता. भट्टी दिसायला अगदीच साधी: पत्र्याचं मोठं पिंप आणि त्यात बसणारे सात बंद डबे. डब्यांत वाळलेलं पाचट ठासायचं आणि खाली थोडं पाचट पेटवायचं. आत हवा जात नाही, म्हणून डब्यातलं पाचट जळून राख होत नाही, त्याचा कोळसा होतो. त्यातून सुटणारा वायू फटीतून बाहेर येऊन पेटतो आणि पुढचा जाळ तोच पुरवतो. तीन किलो पाचटाला किलोभर कोळसा मिळायचा. चुरा खळीत मळून कांड्या पाडायच्या. संस्थेच्याच ‘सराई’ कुकरमध्ये अशा १०० ग्रॅम कांड्यांवर पाच माणसांचा स्वयंपाक व्हायचा. या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला.

एवढं होऊनही फडातला धूर थांबला नाही. पाचट हलकं आणि फुगीर. ते गोळा करायला माणसं लागतात, आणि ऐन हंगामात माणसंच मिळत नाहीत. पुढे गावोगावी गॅसची टाकी पोहोचली, तशी कांड्यांची निकडही ओसरली.

शिवाय पाचटाला दुसरा वाटेकरी होताच. कृषी विद्यापीठ आणि कृषी खातं वर्षानुवर्षं सांगत आलं: पाचट जाळू नका, सरीत दाबा, टनाला ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो जिवाणू संवर्धक टाका. कोळशापुढे हा सल्ला जिंकला ते योग्यच झालं. आच्छादनाने ओल टिकते, तण दबतं आणि कुजताना मातीतल्या जिवाणूंचं पोटही भरतं. जिवाणूंना पचेल असं ताजं अन्न द्या, हा तर खुद्द आनंद कर्वे यांचाच आग्रह. कोळसा हे काही जिवाणूंचं अन्न नव्हे.

मग कोळसा मातीत घालायचा कशाला? अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या काळ्या, कोळसायुक्त जमिनींचा अभ्यास पुढे आला आणि २००५ नंतर ‘बायोचार’चा, म्हणजे मातीत घालायच्या कोळशाचा, जगभर गाजावाजा झाला. त्याची छिद्रं पाणी आणि अन्नद्रव्यं धरून ठेवतात आणि कर्ब शेकडो वर्षं टिकू शकतो. पण सातारा-सांगलीत सगळीकडे एकच मात्रा चालणार नाही. महाबळेश्वर-पाटणच्या जांभ्या, आम्ल मातीला विम्लधर्मी कोळसा मानवेल. माण, आटपाडी, जतच्या उथळ मुरमाड रानात त्याचा उपयोग पाणी धरण्यापुरता होईल. कृष्णाकाठी वाळवा-पलूस-मिरजेच्या क्षारपड जमिनीत मात्र आधीच सामू चढलेला. तिथे खरा इलाज निचऱ्याचा, कोळशाचा नव्हे. हिशेबही बघावा. प्रयोगांत हेक्टरी ५ ते १० टन बायोचार घालतात आणि एका हेक्टरच्या पाचटातून जेमतेम ३ टन निघतो.

आता तिसरं गिऱ्हाईक आलं आहे: कार्बन क्रेडिट, म्हणजे मातीत अडकवलेल्या कर्बाचा मोबदला. जानेवारी २०२५ मध्ये गूगलने ‘वराह’ या भारतीय कंपनीकडून २०३० पर्यंत बायोचारची १ लाख टनांची क्रेडिट्स घेण्याचा करार जाहीर केला. कच्चा माल मुख्यतः गुजरातेतली वेडी बाभूळ. सातारा-सांगलीत असं काही करायचं तर पाचटापेक्षा द्राक्षाच्या काड्या बऱ्या. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळच्या बागांत एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची फळछाटणी झाली की रोग पसरू नये म्हणून काड्या बाहेर काढाव्या लागतात. त्यांचा आच्छादनाशी तंटा नाही. डब्यांची भट्टीही नको. शंकूसारखा खड्डा खणायचा, काड्या पेटवायच्या, वर पांढरी राख धरू लागली की पुढचा थर टाकायचा आणि शेवटी शेणाच्या स्लरीने विझवायचं. कोरा कोळसा मातीतलाच नत्र ओढून घेऊ शकतो, म्हणून स्लरी.