गाडीचं ॲव्हरेज वहीत लिहा

मसाले, पापड घेऊन आपण छोट्या गाडीने सातारा-सांगलीच्या बाजाराला जातो. पेट्रोलची वर्गणी अंदाजाने काढली की गटात कुरबुर होते. म्हणून आम्ही बचत गटाच्या वहीतच ॲव्हरेज लिहितो.

रीत सोपी आहे. टाकी फुल करा, किलोमीटरचा आकडा लिहा. पुढच्या वेळी पुन्हा फुल करा. मधल्या किलोमीटरला आता भरलेल्या लिटरने भागा. ३६० किलोमीटरला २० लिटर लागले, तर ॲव्हरेज १८. पेट्रोल १०८ रुपये धरलं, तर किलोमीटरला ६ रुपये. हिशेब सगळ्यांसमोर!

आकडा घसरला, तर आधी टायरची हवा बघा, तीही टायर गार असताना. मग एअर फिल्टर. डिकीतलं बिनकामाचं ओझं उतरवा. वेग ताशी ४५ ते ५५ ठेवा.

एक मात्र जपा. पसरणीसारखा घाट उतरताना गाडी न्यूट्रल करू नका. आताच्या इंजेक्शनच्या गाड्या गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की पेट्रोल जवळजवळ घेतच नाहीत. न्यूट्रलमध्ये इंजिन पेट्रोल पितं आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक फार तापले की धरत नाहीत. बचत करू या, पण जिवाशी खेळ नको.