पाण्याचे राखणदार आणि त्यांच्या नांवाच्या शिष्यवृत्त्या

दिवंगतांचें स्मरण राखण्याच्या रीति अनेक आहेत. कोणी नदीवर घाट बांधतो, कोणी धर्मशाळा उभारतो, कोणी चौकांत पुतळा बसवितो. विद्येच्या क्षेत्रांत मात्र शिष्यवृत्तीची रीति विशेष रुजली. नाना शंकरशेट १८६५ मध्यें निवर्तले. त्यांच्या स्मरणार्थ ठेवलेली संस्कृताची शिष्यवृत्ति महाराष्ट्रांतील सुशिक्षित कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या आदरानें उल्लेखिली गेली. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत ती चिंतामणराव देशमुखांनीं मिळविली होती. ज्यांनीं नानांना कधीं पाहिलें नाहीं, अशा कितीतरी विद्यार्थ्यांना त्यांचें नांव संस्कृताच्या अभ्यासाबरोबरच परिचित झालें.

कांहीं व्यवसायांना अशा स्मरणाची गरज अधिक असते. पिण्याच्या पाण्याची शुद्धता राखणें हा त्यांपैकीं एक होय. वैद्यानें बरा केलेला रोगी त्याचे उपकार स्मरतो. परंतु ज्याला पटकी झालीच नाहीं, त्यानें कोणाचे आभार मानावे? पाणी तपासणाऱ्याचें काम उत्तम झालें म्हणजे गांवांत कांहींच घडत नाहीं, आणि कांहीं न घडल्याची बातमी होत नाहीं. अमेरिकेंतील पाणीपुरवठा करणाऱ्यांची संघटना, अमेरिकन वॉटर वर्क्स असोसिएशन, १८८१ मध्यें सेंट लुई येथें स्थापन झाली. या व्यवसायांतील जुन्या जाणत्यांच्या नांवानें तिच्यातर्फे विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देण्यांत येत आल्या आहेत. त्यांतील चार नांवें पाहिलीं, तर पेलाभर पाणी निर्धोक होण्यास काय काय लागतें याचा उलगडा होतो.

पहिलें नांव टॉमस कँप यांचें. नदीचें पाणी शुद्धीकरण केंद्रांत येतें तेव्हां तें बहुधा गढूळ असतें. जड कण आपोआप तळाशीं जातात, पण अतिसूक्ष्म कण दिवसचे दिवस तरंगत राहतात आणि रोगजंतूंना आश्रय देतात. म्हणून पाण्यांत तुरटी घालून तें सावकाश ढवळतात. कण एकमेकांस चिकटतात, त्यांचे पुंजके बनतात आणि ते संथ टाकींत खालीं बसतात. हंड्यांत तुरटी फिरविणाऱ्या गृहिणीला ही क्रिया ठाऊक आहे. परंतु लाखों लोकांचें पाणी निवळावयाचें म्हणजे अंदाजानें भागत नाहीं. ढवळणें जोराचें झालें तर बनलेले पुंजके फुटतात. मंद झालें तर ते बनतच नाहींत. कँप यांनीं १९४३ मध्यें स्टाइन या सहकाऱ्यासह ढवळण्याचा जोर मोजण्याचें गणिती माप दिलें. टाकी जितकी खोल तितकी चांगली, ही समजूतहि खरी नव्हे. खोल टाकींत पाणी अधिक वेळ थांबतें हें खरें, पण कणाला पडावयाचें अंतरहि तितकेंच वाढतें. लाभ होतो तो टाकीच्या पृष्ठभागाचें क्षेत्रफळ वाढविल्यानें. हें तत्त्व ॲलन हेझन यांनीं १९०४ मध्यें मांडलें होतें. कँप यांनीं १९४६ मध्यें त्यावरून टाक्यांच्या आंखणीचें शास्त्र सिद्ध केलें.

दुसरें नांव बाल्टिमोरचे एबल वोल्मन (१८९२–१९८९) यांचें. निवळलेल्या पाण्यांतहि जंतु उरतात. ते मारण्यासाठीं क्लोरीनचा नित्य वापर अमेरिकेंतील एका शहरासाठीं प्रथम जर्सी सिटी येथें १९०८ मध्यें सुरू झाला. अडचण होती ती मात्रेची. पाण्यांतील सेंद्रिय द्रव्यें क्लोरीन आधीं खाऊन टाकतात, आणि त्यांचें प्रमाण नदीनदीला व ऋतूऋतूला निराळें असतें. मात्रा कमी पडली तर जंतु जगतात. अधिक झाली तर पाणी तोंडांत धरवत नाहीं. वोल्मन व रसायनशास्त्रज्ञ लिन एन्स्लो यांनीं १९१९ मध्यें यावर पद्धति बसविली. तें विशिष्ट पाणी किती क्लोरीन खातें हें आधीं मोजावयाचें, आणि तेवढा भागून थोडासा शिल्लक राहील इतका क्लोरीन घालावयाचा. नळाच्या पाण्याला कधीं कधीं जो किंचित् उग्र वास येतो तो या शिल्लक क्लोरीनचा. केंद्रापासून घरापर्यंतच्या वाटेवर तोच पाण्याची राखण करतो.

ती वाट कशी आहे, हा तिसऱ्या नांवाचा विषय. थर्स्टन लार्सन हे इलिनॉय राज्याच्या जलसर्वेक्षण खात्यांतील रसायनशास्त्रज्ञ होते. शुद्ध केलेलें पाणीहि लोखंडी नळाला गंजवूं शकतें. १९५० नंतरच्या दशकांतील प्रयोगांवरून लार्सन यांनीं असें दाखविलें कीं, पाण्यांतील क्लोराइड व सल्फेट हे क्षार गंजास साहाय्य करतात, तर बायकार्बोनेट त्यास आवर घालतें. या दोन पक्षांचें गुणोत्तर आजहि लार्सन यांच्या नांवानें ओळखलें जातें. तें काढण्यास तीन द्रव्यांचें पृथक्करण आणि एक भागाकार पुरतो. त्यांच्या नांवाची शिष्यवृत्तिहि गंजाचें नियंत्रण, जलशुद्धि आणि पाण्याचें रसायनशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांसाठीं आहे.

एवढें सोपें ज्ञान पुस्तकांत असतांनाहि काय होऊं शकतें, हें मिशिगन राज्यांतील फ्लिंट या सुमारें एक लाख वस्तीच्या शहरानें अनुभवलें. त्या शहराला डेट्रॉइटहून ह्यूरन सरोवराचें पाणी मिळत असे. एप्रिल २०१४ मध्यें खर्च वांचविण्यासाठीं तें बंद करून फ्लिंट नदीचें पाणी नळांत सोडण्यांत आलें. या पाण्यांत क्लोराइड अधिक होतें. शिवाय डेट्रॉइटच्या पाण्यांत नळांना आंतून संरक्षक थर धरावा म्हणून फॉस्फेट घालीत, तेंहि येथें घातलें गेलें नाहीं. पाणी तांबूस येऊं लागलें. ऑक्टोबर २०१४ मध्यें जनरल मोटर्सनें आपल्या एंजिनांच्या कारखान्यांत तें वापरणें थांबविलें, कारण यंत्रांच्या भागांस गंज चढत होता. जें पाणी लोखंडाला सोसेना, तें मुलें पुढें वर्षभर पीत राहिलीं. गंजणारें लोखंड क्लोरीनहि खाऊन टाकतें. त्यामुळें शहराच्या कांहीं भागांत पाण्याचा हा राखणदारहि नाहींसा झाला. जुन्या जोडनळांतून शिसें पाण्यांत उतरलें. त्याला ना रंग, ना वास. परंतु लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस तें घातक असतें.

२०१५ मध्यें व्हर्जिनिया टेक विद्यापीठाचे प्राध्यापक मार्क एडवर्ड्स व त्यांचे विद्यार्थी यांनीं फ्लिंटच्या नागरिकांकडे नमुन्यांच्या बाटल्या पोंचविल्या आणि अडीचशेंहून अधिक घरांचें पाणी तपासलें. बालरोगतज्ज्ञ मोना हॅना-अटीशा यांनीं मुलांच्या रक्तांतील शिसें वाढल्याचें आंकड्यांनीं सिद्ध केलें. ऑक्टोबर २०१५ मध्यें डेट्रॉइटचें पाणी पुन्हां सुरू झालें. लार्सन यांचें गुणोत्तर अर्ध्या शतकापूर्वींच छापलेलें होतें. उणीव होती ती योग्य वेळीं, योग्य जागीं तें वापरणाऱ्या आणि ज्याचें ऐकलें जाईल अशा माणसाची.

अशीं माणसें कोठून यावयाचीं, या प्रश्नाशीं चौथ्या नांवाचा संबंध आहे. हॉली कॉर्नेल हे ऑरेगॉन राज्यांतील कॉर्व्हालिस येथें १९४६ मध्यें स्थापन झालेल्या एका प्रख्यात अभियांत्रिकी पेढीच्या संस्थापकांपैकीं एक. त्यांच्या नांवाची शिष्यवृत्ति ठेवतांना, या व्यवसायांत ज्यांची संख्या अल्प होती त्या स्त्रियांना व अल्पसंख्य समाजांतील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणास उत्तेजन देण्याचा हेतु होता. दूषित पाण्याची झळ ज्या वस्त्यांना प्रथम लागते, तेथील मुलामुलींपैकीं कोणी प्रयोगशाळेंत पोंचलें तर तक्रारीची दखल लवकर घेतली जाण्याचा संभव वाढतो.

महाराष्ट्रांत या विद्येचें पीठ नागपुरास आहे. सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था तेथें १९५८ मध्यें निघाली. १९७४ पासून ती राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे ‘नीरी’, या नांवानें ओळखली जाते. भूजलांत फ्लोराइड अधिक असलें तर दांत व हाडें विकृत होतात. असें पाणी तुरटी व चुना यांच्या साहाय्यानें पिण्याजोगें करण्याची ‘नलगोंडा पद्धति’ याच संस्थेंत सिद्ध झाली. यवतमाळ व चंद्रपूर या जिल्ह्यांतील कांहीं गांवांना फ्लोराइडचा त्रास आहेच. म्हणजे पद्धति हातीं असली तरी ती गांवोगांव नीट चालविणारे शिकलेले हात लागतात.

आईवडिलांच्या किंवा गुरूंच्या स्मरणार्थ शिष्यवृत्ति ठेवण्याची इच्छा अनेक कुटुंबांत असते. ती बहुधा परीक्षेंत सर्वाधिक गुण मिळविणाऱ्यास दिली जाते, आणि त्यांत वावगें कांहीं नाहीं. परंतु दानपत्रांत विषयाचा स्पष्ट निर्देश केला, जलपरीक्षण शिकणाऱ्या एखाद्या होतकरू विद्यार्थ्याची फी, त्याच्या प्रयोगांचा व प्रवासाचा खर्च भागेल अशी योजना केली, तर त्या रकमेंतून वर्षाला एक तरी जाणता माणूस या कामाकडे वळण्याची आशा राहते. कँप, वोल्मन, लार्सन यांचीं नांवें दरवर्षीं नव्या विद्यार्थ्याच्या अर्जावर लिहिलीं जातात, आणि त्यांनीं हाताळलेले प्रश्न पुन्हां एकदां कोणीतरी अभ्यासावयास घेतो. पाण्यासाठीं आयुष्य वेंचलेल्या माणसांना याहून उचित स्मारक लाभणें कठीण आहे.