कॅन्सर अंगाला, घोर मनाला



काणी, तांबेरा, गवताळ वाढ या उसाच्या रोगांवर आपण या पानांतून नेहमी वाचतो. आज माणसाच्या एका दुखण्याविषयी लिहीत आहोत. ते वरून दिसत नाही, म्हणून त्यावर इलाजही होत नाही.

शिरूर कासार तालुक्यातील एका वस्तीवर ऊसतोड कामगाराच्या घरी आम्ही गेलो होतो. घरच्या बाईंना स्तनाचा कॅन्सर. ऑपरेशन झाले, किमोचे डोसही पुरे झाले. मालक म्हणाले, "डॉक्टर म्हणतेत गाठ गेली. पण ही बोलतच नाही. रात्र रात्र बसून राहती." बाई खालच्या मानेने एवढेच म्हणाल्या, "माझ्यापायी कोयता मोडला, दादा."

कोयता म्हणजे काय, हे आपल्या भागात कुणाला सांगायला नको. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्या जोडीवर मिळते. एक जण अंथरुणाला खिळला, की दोघांची मजुरी बुडते आणि उचल डोक्यावर राहते. दुखणे एकीकडे आणि आपण घराला भार झालो हा सल दुसरीकडे.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अनेक देशांतील पाहण्या एकत्र करून २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की रुग्णालयात उपचार घेणाऱ्या कॅन्सरच्या दर दहा रोग्यांपैकी तीन-चार जणांना खिन्नता, चिंता असा मनाचा काही ना काही त्रास असतो. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात डॉ. जिमी हॉलंड यांनी १९७७ सालीच कॅन्सर रोग्यांच्या मनावरील उपचारांसाठी स्वतंत्र विभाग उभा केला होता. तेव्हा हा रोग्याचा हळवेपणा नव्हे की नाटकही नव्हे. हा आजारच आहे आणि तो बरा होतो.

मग ओळखायचे कसे? भूक मरणे, थकवा येणे हे किमोनेही होते. तेवढ्यावरून अंदाज करू नये. मन पाहावे. दोन आठवडे सलग उदास वाटणे, नातवंडांतही जीव न रमणे, सारखे स्वतःला दोष देणे, "आता जगून काय करू" असे बोलणे, ही लक्षणे दिसली तर थांबू नये. मरणाचे बोलणे कानी आले तर रोग्याला एकटे ठेवू नये, विषारी औषधे कुलपात ठेवावीत आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

आमच्या लोकांची एक मोठी चूक होते. मायेपोटी रोग्यापासून रोगाचे नावच लपवतात. रोग्याला तर सारे कळत असते. दवाखान्याची पाटी तो वाचतो, बायकांची कुजबुज ऐकतो. मग तोही लपवतो, घरचेही लपवतात आणि एका छपराखाली सारे एकेकटे पडतात. कुणी ताट-वाटी वेगळी करते. कॅन्सर शिवण्याने किंवा सोबत जेवण्याने लागत नाही, हे ध्यानात घ्यावे.

या नावाच्या भीतीने काय होते, हे आपल्या जिल्ह्याने भोगले आहे. ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी २०१९ साली शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. "पिशवी काढली नाही तर कॅन्सर होईल" असे आपल्याला सांगितले गेले, असे तेव्हा कितीतरी बायांनी सांगितले. धास्ती घेतलेला माणूस विचारायचेच विसरतो. म्हणून धीर देणाऱ्याने सोबत जावे आणि डॉक्टरांना नीट विचारावे.

इलाजासाठी आपली माणसे बार्शीच्या नर्गिस दत्त रुग्णालयात, छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात, नाहीतर १९४१ पासून चालत आलेल्या मुंबईच्या टाटा रुग्णालयात जातात. तिथे गाठीबद्दल सांगतो, तसे झोपेबद्दल आणि मनाबद्दलही सांगावे. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मनोविकाराचा विभाग आहे. टेलि-मानस ही शासनाची सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर रात्री-अपरात्रीही मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत.

खिन्नतेच्या गोळ्यांची सवय लागते, ही समजूत चुकीची आहे. गुण यायला मात्र दोन ते चार आठवडे लागतात, म्हणून मधेच सोडू नयेत. टॅमॉक्सिफेन चालू असेल तर तसे आवर्जून सांगावे. मनाची काही औषधे त्याचा गुण कमी करतात.

शेवटी एक विनंती. आपल्या गटातल्या, फडावरच्या कुणाच्या घरी असा रोगी असेल तर मुकादमाने उचलीचा विषय त्याच्या उशाशी काढू नये. भेटायला जाणाऱ्याने अमका कसा गेला, तमका कसा गेला, हे पुराण सांगू नये. "मनाला कसं वाटतंय?" एवढे विचारावे आणि गप्प बसून ऐकावे. त्या बाईंचे मालक आता रोज संध्याकाळी त्यांच्यापाशी बसतात. परवा बाई म्हणाल्या, "पुढच्या साली कोयता नाही झाला तरी चालंल, शेरडं घेऊ दोन."

एवढे बोलणेही पुष्कळ आहे.

– संपादक मंडळ