औषधाची न सुटणारी गाठ

शस्त्रक्रियेची तारीख पुढे गेली की नातेवाईकांची नाराजी प्रथम प्रशासनाकडे येते. ‘गोळी कालपासून बंद केली आहे, मग आणखी आठवडाभर थांबायचे कशासाठी?’ हा त्यांचा नेहमीचा प्रश्न. गोळी बहुधा अ‍ॅस्पिरिनची असते. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. तथापि आपल्या डॉक्टरांकडून समजून घेतलेले उत्तर येथे सादर करीत आहे.

बहुतेक औषधे शरीरातील प्रथिनांना तात्पुरती चिकटतात आणि सुटतात. रक्तातील त्यांचे प्रमाण घटले की परिणामही ओसरतो. अ‍ॅस्पिरिन मात्र प्लेटलेटमधील कॉक्स-१ या प्रथिनातील सेरीन नामक अमिनो आम्लाला आपला एक अंश कायमचा जोडून देते. अशा जोडणीस सहसंयुज बंध म्हणतात. औषध काही तासांत रक्तातून नाहीसे होते, गाठ मात्र राहते. प्लेटलेटला केंद्रक नसल्याने तिला ते प्रथिन पुरेसे नव्याने घडविता येत नाही. तिचे आयुष्य ७ ते १० दिवसांचे. तेवढ्या काळात नव्या प्लेटलेट क्रमाक्रमाने जुन्यांची जागा घेतात.

अ‍ॅस्पिरिन १८९७ मध्ये तयार झाले. ही गाठ उलगडली १९७५ मध्ये. अशी औषधे भलत्याच प्रथिनालाही जखडतील, या भीतीने संशोधक हा मार्ग दीर्घकाळ टाळत होते. आता तो हेतुपुरस्सर अवलंबिला जातो. औषधाचा मुख्य भाग इष्ट प्रथिनाच्या खोबणीत नेमका बसेल आणि त्याचे सौम्य क्रियाशील टोक तेथील सिस्टीन या अमिनो आम्लाशी जुळेल, अशी रचना केली जाते. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत के-रास प्रथिनातील बाराव्या स्थानी ग्लायसीनऐवजी सिस्टीन येते. हे प्रथिन अनेक दशके औषधांच्या आवाक्याबाहेरचे मानले जात होते. २०१३ मध्ये कॅलिफोर्नियातील केव्हन शोकॅट यांच्या गटाने त्या सिस्टीनजवळची खोबण दाखविली आणि २०२१ मध्ये सोटोरासिब या औषधास अमेरिकेत मान्यता मिळाली. निरोगी के-रासमध्ये त्या जागी सिस्टीन नसल्याने ते या गाठीतून सुटते.

गाठ पक्की असल्यामुळेच सावधगिरी हवी. रुग्ण घेत असलेली प्रत्येक गोळी दाखल होतानाच डॉक्टरांना सांगावी. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने बंद करू नये. हृदयात स्टेंट बसविलेल्या रुग्णास ते जिवावर बेतू शकते. पुढे गेलेली तारीख पुष्कळदा रुग्णाच्या रक्तासाठीच राखलेली असते, हे ध्यानी घेऊन सहकार्य करावे, ही नम्र विनंती.