खाडीच्या हवेत पलंगाशेजारचं टेबल

भाईंदरच्या एका अंगाला वसईची खाडी, दुसऱ्या अंगाला उत्तनचा समुद्र. अशा दमट, खाऱ्या हवेत पलंगाशेजारचं छोटं टेबल स्वतः बनवायचं, तर अवजारांच्या आधी लाकडाचा स्वभाव कळायला हवा.

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज म्हणजे एकदा वाळलेलं लाकूड पुन्हा हलत नाही. ते आयुष्यभर हलतं. पावसाळ्यात ओल शोषून फुगतं, कोरड्या दिवसांत आक्रसतं; लांबीत जवळपास नाहीच, पण रुंदीत नक्की. 40 सेंमी रुंद सागवानी फळीतला ओलावा 4 टक्क्यांनी बदलला, तर ती दोन-तीन मिमीने कमीजास्त होऊ शकते. वरची फळी चौकटीला सगळीकडून फेविकॉलने चिकटवली, तर हा ताण जाणार कुठे? एक तर फळी तडकते, नाहीतर सांधा उचकटतो. ती लांबट भोकांच्या पट्ट्यांनी खालून स्क्रूने धरावी. ड्रॉवरची पुढची फळी जानेवारीत बसवत असाल, तर तिच्या वर थोडी फट जास्तच सोडा. जुलैत ती लागणार आहे.

पॉलिशने ओल थांबते, हेही खरं नाही. ओल आत जायला वेळ लागतो, एवढंच. म्हणून फळीच्या खालच्या बाजूलाही हात मारा. नुसती वरची बाजू चकचकीत केली, तर दोन्ही बाजू सारख्या ओल शोषत नाहीत आणि फळी वाकते.

सागाला वाळवी लागत नाही, असं छातीठोकपणे सांगतात. ते गाभ्याच्या गडद लाकडाबद्दल. सालीलगतचा फिकट भाग वाळवीला चालतो, तेव्हा फळी घेताना कडा नीट पाहा. प्लायवूड घेणार असाल, तर ‘एमआर’ म्हणजे वॉटरप्रूफ नव्हे. तो फक्त दमटपणा सोसतो. पाण्यात टिकणारा मरीन प्लाय आयएस 710 या मानकाचा. बेडरूममधल्या टेबलाला तो लागतोच असं नाही, पण उघड्या कडा मात्र कुठल्याही प्लायच्या बंद कराव्यात.

खिळे ठोकले की मजबुती येते, असं अजूनही पुष्कळांना वाटतं. दोन फळ्या रेषांच्या दिशेने कडेला कड लावून, क्लॅम्पने आवळून चिकटवल्या, तर तो जोड लाकडापेक्षाही पक्का होतो. फळीच्या कापलेल्या टोकाला मात्र गोंद नीट धरत नाही, तो शोषला जातो. तिथे कूस किंवा लाकडी खुंटी हवीच. याला महागडी यंत्रं लागत नाहीत: करवत, गुण्या, पटाशी, रंधा, ड्रिल आणि चार क्लॅम्प पुरतात. स्क्रू पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचेच घ्या, साधे लोखंडी इथल्या हवेत लवकर गंजतात.